हाडं मांडणारी मावशी

कोपऱ्यावरच्या चिकनच्या दुकानातली मावशी माझ्या ना नात्याची ना गोत्याची. पण तिचा विषय निघाला की माझे हात आपोआप जोडले जातात.

आमच्या ह्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. एरवी घासाघासाला खोड काढणारा माणूस, पण महिनोन्‌महिने नुसत्या पातळ सूपवर राहून पार गप्प झाला. वाटी पुढे केली की प्यायची, बस्स. त्या गप्प बसण्याचीच मला भीती वाटायला लागली.

शेवटी डॉक्टर म्हणाले, "आता मऊ चिकन चालेल. पण हाडाची कपची घशात गेली तर पुन्हा ऑपरेशन."

मी मोठ्या दुकानातून बोनलेसचं पाकीट आणलं. चिरायला घेतलं आणि बोटात कपची घुसली! डोकंच फिरलं माझं. पाकीट उचललं आणि तरातरा मावशीकडे गेले. तिचा काय दोष? पण तोंड सोडायला कुणीतरी हवंच होतं.

"म्हणे बोनलेस! मग हे काय?"

"अगं, बोनलेस म्हणजे हाडावरून सोडवलेलं मांस. सोडवताना एखादी कपची राहते. धडधाकट माणूस काढून टाकतो. तुला कुणासाठी हवंय?"

मी सांगितलं. मावशीने बांगड्या वर सारल्या, हात धुतले. कोंबडीच्या दोन तंगड्या सोडवल्या आणि निघालेली हाडं फळीवर जागच्या जागी मांडली. नाजूक गिऱ्हाईक असलं की ही तिची पद्धतच.

"एक कमी आहे. मोठ्या हाडाला चिकटलेलं असतं ना, सुईसारखं, ते."

मागची रांग कुरकुरायला लागली. कुणीतरी म्हणालं, "मावशी, बोनलेस देतेस की ऑपरेशन करतेस?"

"घाई असेल तर दुसरं दुकान गाठ, बाबा!"

डोळे मिटून ती एकेक तुकडा चिमटीत दाबत राहिली. शेवटी ते बारीक हाड सापडलं, तिने फळीवर मोकळ्या जागी ठेवलं आणि मगच पिशवी माझ्या हातात दिली.

घरी मऊ शिजवून ह्यांच्यापुढे ठेवलं. पहिला घास सावकाश उतरला. माझा जीव मुठीत. ह्यांनी वर पाहिलं आणि कपाळाला आठी घातली.

"मीठ कमी आहे."

मी रडतच मिठाची बरणी आणायला धावले.