डेस्कटॉपवरच्या चिंध्या

शिंपी माणसाला नावानं ओळखत नाही, कापडानं ओळखतो. हे मला लग्न होऊन म्हैसूरला आल्यावर कळलं. मी नाशिकची, नोकरी कॉम्प्युटरवरची. सासरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या इथले. हिनकलच्या रस्त्यावर सासऱ्यांचं टेलरिंगचं दुकान आणि मागे घर. घरात मराठीच बोलतात, असं लग्न ठरवताना सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी सासऱ्यांनी विचारलं, "ऊटा झालं काय गं?" आणि मी मख्खासारखी बघत राहिले. जेवलीस का, एवढंच विचारत होते बिचारे.

माझा जुना कॉम्प्युटर मी दुकानात नेऊन ठेवला. नेहमीच्या गिऱ्हाइकांचं एकेक फोल्डर केलं. आत मापं आणि शिवलेल्या कपड्यांचे फोटो. घरच्यांचीही केली. सासऱ्यांनी चष्मा वरखाली करून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. सगळी फोल्डरं पिवळी, एकासारखं एक.

"नावं वाचत कोण बसतंय? चिंधी दाखव की," ते म्हणाले.

पावतीला त्या त्या कापडाची चिंधी टाचायची त्यांची रीत होती. कपडा शिवून झाला की चिंधी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जायची. मी त्या चिंध्या स्कॅन केल्या, त्यांचे आयकॉन बनवले आणि सासऱ्यांना शिकवलं: राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कस्टमाइज, चेंज आयकॉन. बघता बघता ते माझ्यापेक्षा सफाईनं करू लागले. येलवालच्या मास्तरांची तपकिरी चौकडी, सासूबाईंच्या चोळीचा हिरवा खण, माझं जांभळं फुलाफुलांचं आणि त्यांची स्वतःची बारीक निळी रेघ. पडदा अगदी भरल्या घरासारखा दिसायला लागला.

मग त्यांनी स्वतःच एक नेम घालून घेतला. गिऱ्हाईक वारल्याचं कळलं की ते मुकाट्यानं माउस हातात घ्यायचे आणि त्याचं फोल्डर पुन्हा साधं पिवळं करायचे. "चिंधी काढली," एवढंच म्हणायचे. फोल्डर मात्र पुसायचे नाहीत.

तसे ते वेळ पाळण्यात अस्सल शिंपी. ज्याला त्याला "नाळे बा" सांगायचे, म्हणजे उद्या या. त्यावरून सासूबाई त्यांना चिडवायच्या. त्यांचं माहेर बेट्टदपुराकडचं. "आमच्याकडं दारावर हेच लिहितेत की. भूत येतंय, वाचतंय, उद्या येऊ म्हणून परत जातंय. तुम्ही गिऱ्हाइकांना भूत केलंय."

सासूबाई गेल्या तेव्हा मी वाट पाहिली. हिरवा खण पडद्यावरून हलला नाही. रोज सकाळी सासरे आधी कॉम्प्युटर लावायचे, त्या हिरव्याकडे जरा वेळ बघायचे आणि मग उदबत्ती. मी विचारलं नाही. माझी छाती झाली नाही.

पुढे कॉम्प्युटरची डिस्क बिघडली. दुरुस्तीवाल्यानं नवी घातली. फोल्डरं सगळी सुखरूप आली, पण आयकॉनची चित्रं जिथं ठेवली होती तो भाग जुन्या डिस्कबरोबरच गेला. सकाळी दुकानातून सासऱ्यांची हाक आली. जाऊन बघते तर ते स्टुलावर बसलेले, हात मांड्यांवर, आणि समोर सगळा पडदा पिवळा.

"सगळीच गेली काय गं?"

त्या पिवळ्यात मी होते, माझा नवरा होता, सासरे स्वतः होते. तेवढ्यात येलवालचे मास्तर पँट न्यायला पायरी चढले. सासऱ्यांनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की मास्तर दारातच थबकले. आत यावं की नाही, त्यांना कळेना.

दुपारी आम्ही पत्र्याचा डबा उघडला. सासरे एकेक चिंधी काढून द्यायचे, मी स्कॅन करायची. माणसं एकेक करून परत येत होती आणि माझाही जीव खाली पडत होता. मग हिरवी चिंधी आली. त्यांनी ती चिमटीत धरली, बोटांनी चोळली, उलटी करून पाहिली आणि सदऱ्याच्या खिशात घातली.

"मामा, लावूया की," मी म्हटलं.

"बेड, नको. तिचं राहू दे आता."

मला रडू आवरेना. त्यांनी पुढची चिंधी माझ्यासमोर धरली.

गेल्या वर्षी सासरेही गेले. दुकान बंद आहे, कॉम्प्युटर आता घरात मागच्या खोलीत आहे. त्यांच्या फोल्डरवर निळी रेघ तशीच आहे. त्यांचा नेम आम्ही मोडतोय, हे मला सतत टोचतं. भर दिवसा त्या खोलीत गेले तरी कुणीतरी स्टुलावर वाट बघत बसलंय असं वाटतं, आणि खरं सांगते, मला भीती वाटते.

परवा नवराच म्हणाला, "चल, करून टाकू." तो बसला, मी मागे उभी राहिले. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कस्टमाइज, चेंज आयकॉन. त्यानं पिवळं चित्र निवडलं. ओके तेवढं दाबायचं राहिलं होतं.

त्यानं माउसवरचा हात उचलला. पडद्याकडे बघत, थेट बापाच्या आवाजात म्हणाला, "नाळे बा."

कॅन्सल मी दाबलं.