न विचारता उपटलेली दाढ

माझ्या आईवर अन्याय झाला. गेल्या वर्षी, नारळी पौर्णिमेच्या आदल्या सोमवारी, सकाळी अकराच्या सुमारास, रत्नागिरीतल्या एका दवाखान्यात. तिची खालची उजवी दाढ उपटली गेली, आणि दाढ वाचेल का याबद्दल तिच्याशी कुणी एक शब्द बोललं नाही.

मी पत्रकं वाटते. उपचाराचे सगळे पर्याय कळणं हा रुग्णाचा हक्क आहे, असं त्यांवर ठळक छापलेलं असतं. एसटी स्टँडवर लोक ती घेतात आणि त्यांवर वडापाव ठेवतात. पूर्वी मी भांडायचे. आता दमलेय.

दाढ तुटली ती कुर्ली, म्हणजे खेकडा, खाताना. आमच्या घरी कुर्लीचा डेंगा, म्हणजे नांगी, दातांनीच फोडायचा असतो. वरवंटा मागितला तर "पुण्याची पाव्हणी आली वाटतं!" ऐकून घ्यावं लागतं. आई यात सगळ्यांत तरबेज, माझ्या ताटातले डेंगेही तीच फोडून द्यायची. आषाढ संपता संपता एक डेंगा फुटला आणि त्याच्याबरोबर दाढेचा कोपराही उडाला. आईनं तो कवचीचा तुकडा समजून ताटाच्या कडेला ठेवला आणि जेवत राहिली.

मग लवंग, मिठाच्या गुळण्या, गालाला शेकायचं फडकं. रडकुंडीला आली तेव्हा दवाखाना. मी बाहेर बाकड्यावर बसले होते. आत काय झालं ते तिनं रिक्षात, कापसाचा बोळा दाबून धरत सांगितलं. डॉक्टरांनी मोजे चढवता चढवता विचारलं, "काढायची ना?" ती "हो" म्हणाली. संपलं.

"हो कशाला म्हणालीस?"

"मग काय म्हणू? दातांच्या डॉक्टरकडे माणूस जातो कशाला गो?"

आमच्या वाडीत सगळ्यांचा हाच समज आहे. जो गेला तो दात काढूनच आला, म्हणून पुढचाही काढायलाच जातो. डॉक्टरांना हे माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. "काढायची ना?" हा प्रश्नच नव्हे. उत्तर आधी ठरवून त्यापुढे "ना" चिकटवलेला.

पुढे आई डावीकडूनच चावू लागली, आणि यंदा फणसांच्या दिवसांत डाव्या दाढेलाही तडा गेला. थंड पाणी लागलं की कळ थेट कानात. ही गेली तर भाकरी चावायला दोन्हीकडे काही उरणार नव्हतं. तरी आईचं आपलं एकच: "काढून टाकू, सुटू." या वेळी मी दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे नेलं आणि आत जाऊन उभी राहिले.

बाईंनी आईच्या हातात आरसा दिला. "मावशी, नुसतं सिमेंट भरून भागणार नाही, तडा खोल गेलाय. रूट कॅनल करून वर कॅप बसवता येईल. खेपा घालाव्या लागतील, आणि टिकेलच अशी हमी मी देत नाही. काढलीत तर त्या जागी काढघालीचा दात, नाहीतर शेजारचे दात घासून ब्रिज, नाहीतर हाडात स्क्रू बसवून त्यावर दात."

"स्क्रू? तोंड आहे की होडी?"

बाई हसल्या. आई हसली नाही. आरशात उजवीकडची मोकळी जागा बघत राहिली.

"मग ती पण राहिली असती?"

"ती बघितल्याशिवाय नाही सांगता येणार, मावशी."

म्हणजे कुणालाच नाही, कधीच नाही. माझी तक्रार एवढीच आहे. दाढ गेली, आणि ती जायलाच हवी होती का हेही तिच्याबरोबर गेलं.

आईनं आरसा परत दिला. "ही ठेवा."

रूट कॅनल अजून चालू आहे. बधिर ओठ घेऊन ती घरी येते, चहा हनुवटीवर सांडतो, मला शिव्या घालते. "तुझ्या चळवळीपायी माझे हाल!" घाल म्हणते मी. शिव्या घालून पुढच्या खेपेला चपला तीच आधी घालते. कॅप बसायची आहे, आणि ती बसेपर्यंत मला धाकधूक आहे.

तुम्हाला आता पत्रक देत नाही. एवढंच करा: त्या खुर्चीत बसलात, किंवा घरच्या कुणाला बसवलंत, की आधी विचारा, "हा दात वाचवता येईल का, आणि कसा?" उत्तर नीट मिळेपर्यंत तोंड उघडू नका.