चुकीचं गाव

उत्तर चुकलं तर नाना देवरे त्यावर फुली मारत नसत. चुकलेल्या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल काढायचे आणि शेजारी बारीक अक्षरात एका गावाचं नाव लिहायचे. रावेर. पारोळा. साक्री. नव्या विद्यार्थ्याला वाटायचं की हा गुण देण्याचाच काहीतरी प्रकार असावा. मग तो भीतभीत विचारायचा, "सर, मी तर भुसावळचा. इथे रावेर का लिहिलंय?" नाना चष्म्यावरून त्याच्याकडे बघायचे. "तू असशील भुसावळचा. चूक रावेरची आहे. आई कुठली तुझी?" आई बहुतेक वेळा रावेरकडचीच निघायची.

जळगावात एका कपड्याच्या दुकानाच्या वर आमचा क्लास आहे. परदेशी जायचं असेल तर इंग्रजी येतं की नाही हे तपासणारी एक परीक्षा द्यावी लागते. ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं या चारही गोष्टींना नऊपैकी गुण असतात. आम्ही तिची तयारी करून घेतो. नर्स येतात, पाइपच्या कारखान्यातले इंजिनिअर येतात, नवऱ्याच्या मागे कॅनडाला निघालेल्या नव्या नवऱ्या येतात. तीन महिने त्यांच्या रिकाम्या जागा भरून घ्यायच्या, मग ती जातात आणि तीच वाक्यं घेऊन दुसरी येतात. अकरा वर्षं मी हेच करते आहे. आता 'सिन्स' की 'फॉर' असं कुणी विचारलं की मला झोप येते.

नाना निवृत्त शिक्षक. मूळ गाव साक्री तालुक्यातलं, नोकरी सगळी जिल्हा परिषदेच्या शाळांत. क्लासमध्ये सकाळी साडेसातला व्याकरण आणि शब्दांची चाचणी असायची, ती त्यांची. रोज वीस वाक्यं ते स्वतः तयार करायचे, छापील पुस्तकातलं एकही नसायचं. मी मुलाखतीला गेले त्या दिवशी त्यांनी मलाही तो कागद दिला. मी नाशिकची, इंग्रजीत एम. ए., जरा ताठ्यातच तो सोडवला. एका वाक्यात मी लिहिलं होतं 'कोप अप विथ'. नानांनी गोल काढला, पण शेजारी गाव काही लिहिलं नाही.

"ताई, यातला 'अप' कोणाचा?"

मी ते वाक्य पुन्हा वाचलं.

"'कोप विथ' एवढंच असतं. हा 'अप' कोणत्याच गावाचा नाही. हा कॉलेजचा आहे. गावाची चूक निघते, कॉलेजची निघत नाही." एवढं बोलून त्यांनी मला पास केलं.

चूक आकाशातून पडत नाही, ती कुणाच्या तरी घरातून येते, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि ते घर सापडल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. रावेर-यावलकडची मुलं बोलण्यात 'माय वन ब्रदर' म्हणायची. मी पूर्वी गुण कापून मोकळी व्हायचे. नानांनी सांगितलं की त्या भागात 'माझा भाऊ' असं म्हणत नाहीत, 'माह्यावाला भाऊ' म्हणतात. त्या 'वाला'चं काय करायचं हे पोराला कळत नाही, म्हणून तो तिथे 'वन' बसवतो. एका सराफाच्या मुलीने निबंधात लिहिलं, दिवाळीत आमच्या दुकानात 'मेनी पार्टीज' होतात. परदेशी परीक्षकाला वाटलं असतं की दुकानात नाचगाणं चालतं. नानांनी गोल काढून शेजारी गाव न लिहिता 'गादी' असं लिहिलं. गादीवर बसणाऱ्याला गिऱ्हाईक म्हणजे पार्टीच.

कोणता शब्द कोणाबरोबर जातो हे शिकवताना त्यांचा एक ठरलेला शब्द होता, सोयरीक. "'मिस्टेक'ची सोयरीक 'मेक'शी झालेली आहे. तुम्ही 'डू'शी लावून देताय. मांडवातून परत जाईल ती." मुलं हसायची आणि पुन्हा चुकायची नाहीत. मी तीच यादी फळ्यावर लिहून द्यायचे, मुलं उतरवून घ्यायची आणि सोमवारी विसरून यायची. मला याचा थोडा राग यायचा, हे कबूल करायला हवं.

साक्रीकडची सुनंदा नर्स होती. दोनदा परीक्षेत बोलण्यात अडकली होती. सराव म्हणून मी तिची तोंडी परीक्षा घेतली तर ती म्हणाली, 'माय फादर शी फार्मर.' मी शेरा लिहिला, स्त्री आणि पुरुष यांची सर्वनामं पक्की नाहीत. तो कागद नानांच्या हातात गेला. ते सरळ माझ्या वर्गात आले.

"ताई, ती बापाला बाई म्हणत नाहीये. ती 'शे' म्हणतेय. आमच्याकडे 'आहे'ला 'शे' म्हणतात. मना बाप शेतकरी शे. घाबरली की तिचं 'इज' पळून जातं आणि घरचं 'शे' पुढे येऊन उभं राहतं. तुम्हाला ते 'शी' ऐकू येतं."

त्यांनी सुनंदाला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. सगळं येत असून अडकते म्हणून ती रडवेली झाली होती. म्हणाली, "सर, माले बठ्ठं येस. पन तोंडमाईन निंघतच नही."

"निंघी," नाना म्हणाले. "आते फक्त एक कर. 'शे'ले घर ठेवीसन ये, माय. ते कोठेच जास नही. परीक्षा झाली की तठेच सापडी."

पुढच्या वेळी सुनंदा पास झाली. आयर्लंडला गेली. पेढे घेऊन आली तेव्हा नाना चाचणीचे कागद तपासत होते. त्यांनी एक पेढा घेतला, कागदावरची पेन्सील काही उचलली नाही. तिच्यासाठी त्यांना केवढा आनंद झाला होता ते मला माहीत होतं, पण आनंद दाखवायलाही अंगात थोडं त्राण लागतं.

ते थकले होते. गुडघे धरून जिना चढायचे आणि वर आले की दाराशी दोन मिनिटं उभे राहायचे. फळ्यावर लिहिताना हात खांद्याच्या वर जात नसे, त्यामुळे त्यांची वाक्यं कायम फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागात असायची. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी धुळ्याला दिलेली, ती बोलवायची, पण हे जात नसत. एकदा मी म्हटलं, "नाना, पुरे आता. पेन्शन आहे, आराम करा." ते म्हणाले, "आते थकी गऊ, ताई, हे खरं. पण सकाळी साडेसातला कुठे जायचं हे ज्याला माहीत असतं ना, तो अंथरुणातून उठतो. नाहीतर उठायचं कशाला हेच कळत नाही." तेव्हापासून मी तो विषय काढला नाही. साडेसातची चाचणी काढून घेतली तर या माणसाजवळ काही उरणार नाही, हे मला त्या दिवसापासून माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

क्लास मयूरचा. बत्तीस वर्षांचा, कष्टाळू मुलगा आहे, वाईट नाही. समोरच्या इमारतीत दुसरा क्लास निघाला आणि त्यांनी बाहेर मोठा बोर्ड लावला, त्यावर शिक्षकांचे फोटो आणि त्यांनी स्वतः त्या परीक्षेत मिळवलेले गुण. आमच्याकडे येणारे पालक विचारायला लागले, तुमच्या सरांना किती आहेत? मयूरने आम्हा दोघांना बसवून सांगितलं की आपल्यालाही परीक्षा द्यावी लागेल. चारही भागांत किमान सात हवेत. ज्याला नसतील त्याला पुढच्या सत्रापासून वर्ग देता येणार नाही. हे सांगताना तो नानांकडे बघत नव्हता. नाना म्हणाले, "बरोबर आहे. दुसऱ्याला परीक्षेला बसवतो तर आपणही बसावं."

परीक्षा नाशिकला होती. ऐकणं-वाचणं-लिहिणं सकाळी झालं, दुपारी एकेकाला बोलण्यासाठी आत बोलावलं. नाना माझ्या आधी गेले. बाहेर आले तेव्हा पाण्याची बाटली शोधत होते आणि ती त्यांच्या हातातच होती.

परतीच्या गाडीत मनमाड गेल्यावर ते आपणहून बोलले. त्यांना कार्ड मिळालं होतं, ज्या व्यक्तीकडून तुम्ही काही शिकलात तिच्याविषयी दोन मिनिटं बोला. त्यांनी आई निवडली.

"आई शाळेत गेलेली नव्हती, तेच सांगायचं होतं. सुरुवात केली, 'माय मदर', आणि पुढे 'शे' आलं."

"पण नाना," मी म्हटलं, "आईच्या पुढे 'शी' म्हटलं तरी चालून जातं. त्या परीक्षकाला कळलंही नसेल."

"त्याला नाही कळलं. मला कळलं ना. मी थांबलो. चाळीस वर्षांची सवय, चूक ऐकली की गाव शोधायचं. आणि गाव माझंच. आई डोळ्यांपुढे आली, चुलीपुढे बसलेली. मी तिला बघत बसलो. तो माणूस म्हणाला, गो ऑन, सर. दोनदा म्हणाला. माझ्या तोंडातून शब्द निघेना." खिडकीबाहेर बघत म्हणाले, "घड्याळात दोन मिनिटं संपली, ताई. त्यात मी दोन-तीन वाक्यं बोललो असेन."

निकाल आला. नानांना वाचण्यात साडेआठ, लिहिण्यात साडेसात, ऐकण्यात सात आणि बोलण्यात साडेपाच. मला चारही भागांत चांगले मिळाले, सगळ्यांत जास्त बोलण्यात.

मयूरने आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. समोर दोन्ही निकाल होते. तो ओशाळा झाला होता, त्याला कुणीतरी वाट काढून द्यायला हवी होती. मला म्हणाला, "मॅडम, तुम्हीच सांगा. सरांचं नाव बोर्डावर नाही टाकलं आणि सकाळची चाचणी त्यांच्याकडेच ठेवली, तर चालेल का? तुम्ही चालेल म्हणा, मी पालकांचं बघतो."

एक शब्द बोलायचा होता. तो बोलले असते तर नाना राहिले असते. माझ्या मनात काय आलं ते स्पष्ट लिहिते. माझ्या याद्या मुलं विसरतात आणि यांची सोयरीक लक्षात ठेवतात, हे आलं. साडेसातची बॅच मला मिळाली तर दुपारी चारला मी घरी जाऊ शकेन, हेही आलं. मीही थकले होते. नाना माझ्याकडे बघत होते, मागणं असं काही नव्हतं त्या बघण्यात, एखाद्या मुलाच्या उत्तराची वाट बघावी तसं बघत होते. मी टेबलावरचा निकाल उचलून पुन्हा वाचायला लागले.

 मग नानाच म्हणाले, "मॅडम घेतील सकाळची चाचणी. पोरांचा एक दिवस बुडवू नका."

महिन्याभरात ते खोली सोडून धुळ्याला मुलीकडे गेले. जाण्याआधी आपल्या चाचण्यांचे सगळे कागद नीट गठ्ठे बांधून मला देऊन गेले. मी फोन करीन म्हटलं होतं. एकदा केलाही. त्यांनी विचारलं, साक्रीकडचं कुणी आहे का या बॅचला? मी म्हटलं, दोन मुली आहेत. मग उन्हाविषयी बोललो. मला जे बोलायचं होतं ते फोन ठेवेपर्यंत निघालं नाही.

पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या मुलीचा, ज्योतीचा, फोन आला. नाना झोपेतच गेले होते. मी धुळ्याला भेटायला गेले. तिने चहा केला, बाजूला बसली आणि म्हणाली, "शेवटी शेवटी ते उठायलाच बघत नव्हते, ताई. कशाला उठू, म्हणायचे. क्लास होता तोवर बरे होते. क्लास का सोडला हे किती वेळा विचारलं, पण त्यांनी काही सांगितलं नाही. म्हणायचे, ताईंना विचार, त्या चांगलं बोलतात. तुम्हाला माहीत असेल ना?"

मी कप बशीत ठेवला.

"वय झालं होतं गं," मी म्हणाले. "दमले असतील."

तिने मान हलवली. तिला ते पटलं. मी संध्याकाळच्या बसने जळगावला आले आणि सकाळी साडेसातला चाचणी घ्यायला जिना चढले. जिन्याच्या तोंडाशीच आमच्या क्लासचा बोर्ड आहे. त्यावर माझा फोटो आहे आणि खाली लिहिलं आहे, बोलणे : साडेआठ.