मडमेचं पोस्टर आणि मैद्याची खळ

एकच प्रश्न विचारून लोकांनी माझं डोकं खाल्लं आहे: सिनेमा अमेरिकेचा, पोस्टर फ्रान्सचं, आणि तू गोरेगावचा मास्तर, तुले कायले पाहिजे? आता काय सांगायचं? हॉलिवूडच्या जुन्या सिनेमांची पोस्टरं फ्रान्समधले चित्रकार आपल्या हाताने नव्याने रंगवायचे, दाराएवढी मोठी, आणि ती मला आवडतात. एवढं उत्तर कुणालाच पुरत नाही. पोस्टमनसुद्धा पाकीट देताना दरवेळी म्हणायचा, "फिर आ गया कागज, गुरुजी?"

दोन हजार तीन-चार साल असेल. आमच्या गोरेगावहून जवळच्या गोंदियाला जायचं, तिथल्या इंटरनेट कॅफेत बसायचं, असं करत पॅरिसच्या एका दुकानदाराच्या मी वर्षभर मागे लागलो, तेव्हा कुठे तिरप्या टोपीतल्या मडमेचं ते पोस्टर मिळालं. मागे केशरी आभाळ, आणि डोळे असे की नजर हलू नये. पोस्टर घड्या घालून आलं होतं. उलगडताना दोन घड्या चरचर फाटल्या, आणि माझाही जीव तसाच झाला. ते पलंगावर पसरलं, कुणी हात लावायचा नाही म्हणून घरात बजावलं आणि शाळेत गेलो.

त्या दिवसांत माझा मोठा भाऊ कामठ्याहून राहायला आला होता. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, रात्री नाटकं होतात. त्या नाटकांची पोस्टरं लावण्यात दादाचा जन्म गेला होता. संध्याकाळी येऊन पाहतो तर माझी बाई अंगणात दोरीवर वाळत होती! दादाने तिला मैद्याच्या खळीने मांजरपाटाच्या कापडावर चिकटवलं होतं.

"फाटून राहिलं होतं ना बाबू," तो खुशीत म्हणाला. "आमी नाटकाचे मोठे पोस्टर असेच करतो. आता दहा मंडया काही होत नाही त्याले."

माझं टाळकंच सरकलं. "अक्कल आहे का तुला? हा काय भिंतीवर चिकटवायचा कागद आहे?" शेजारी जमले तरी मी ओरडतच होतो. दादा खळीचे हात खांद्यावरच्या दुपट्ट्याला पुसत उभा राहिला, मग बादली उचलून आत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने तो निघून गेला.

मी रडगाणं दुकानदाराला लिहिलं. त्याचं उत्तर आलं: आम्हीही जुनी पोस्टरं अशीच वाचवतो, सुती कापड आणि पिठाची खळ. तुमच्याकडे चांगला कारागीर दिसतो.

हे त्याच दिवशी दादाला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. चूक कबूल करायची म्हणजे आम्हा मास्तरांचा जीव जातो. चार वर्षांनी पेटीतली बाकीची पोस्टरंही घड्यांवर फाटायला लागली, तेव्हा पेटी घेऊन कामठ्याला गेलो, ते उत्तर वाचून दाखवलं, आणि हात जोडून म्हटलं, "दादा, एवढी कापडावर लावून दे."

त्याने झाकण उघडलंसुद्धा नाही. "मी भिंतीवर चिकटवणारा मानूस," तो म्हणाला. "तुह्या कागदाले मी हात नाही लावत." आवाजात राग असता तर भांडलो तरी असतो. वहिनीने चहा दिला, तो प्यायलो आणि पेटी घेऊन परत आलो.

पेटीतली पोस्टरं अजून फाटतच आहेत. ती टोपीवाली बाई तेवढी भिंतीवर धडधाकट आहे, एक घडी दिसत नाही, आणि मला तिच्याकडे पाहवत नाही.