चंपतरावांनी काढलेली वयं

आंध्र सरकारनं पटेल-पटवाऱ्यांची पदं रद्द केली, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात बेज्जूरकडच्या एका गावात पटवाऱ्याच्या हाताखाली लिहिणारे चंपतराव रिकामे झाले. पुढची आठ वर्षं ते कापूस-ज्वारीत राबले. त्र्याण्णव साली हैदराबादेत पीएच.डी. करणारी रेणुकाबाई गावात आली आणि चांगल्या अक्षराचा माणूस शोधू लागली.

ती मूळची नांदेडची. ताप आलेल्या माणसाला चार प्रश्न विचारून, हा हिवताप की दुसरा ताप, हे कंप्युटरनं ओळखावं, असा तिचा अभ्यास होता. त्यासाठी कंप्युटरला आधी शेकडो आजाऱ्यांची माहिती द्यावी लागे. ती चंपतरावांनी गोळा केली. चार महिन्यांत सहाशे फॉर्म, खाडाखोड एकही नाही.

रेणुकाबाई फॉर्म घेऊन गेली आणि पंधरा दिवसांत परत आली.

“काका, कंप्युटर म्हणतोय, तुमच्याकडं चाळीसच्या माणसाला हिवताप होतो, एक्केचाळीसच्या कुणालाच होत नाही.”

“एक्केचाळीसचं आमच्याकडं कोणी नाहीच,” चंपतराव म्हणाले. “तीस, चाळीस, पन्नास. लोकं सांगतेत तसं लिवलं मी.”

सहाशे घरं पुन्हा फिरायची ठरली. या खेपेला चंपतराव वय विचारतच नव्हते. ओसरीवर टेकायचे, पाणी मागायचे आणि विचारायचे, रझाकाराच्या साली, म्हणजे अठ्ठेचाळीसात, तुमी कडेवर होते का पायी चालत? म्हाताऱ्यांना विचारायचे, अठरा सालची मानमोडी तापाची साथ आठवते का, का नुसती ऐकलेली? एकेका घरात अर्धा-पाऊण तास जाई. शेजारच्या देवकाबाई सत्तरच्या बासष्ट झाल्या आणि दुसऱ्या दिवशी निंदायला शेतात गेल्या.

शेवटी चंपतराव स्वतःच्या घरी आले. मागच्या पावसाळ्यात बायकोला, विमलबाईंना, ताप येऊन गेला होता, म्हणून त्यांचाही फॉर्म होता. त्यावर वय पन्नास.

“रझाकाराच्या साली तू कुठं होती?”

“नदीपल्याड पळालो ना आमी. धाकट्या भावाले कडेवर घेऊन मीच चालली. लुगडं नेसत होती तवा.”

चंपतरावांनी बोटं मोजली. त्या साली ते स्वतः नऊ वर्षांचे, तिसरीत होते. विमलबाई तेराच्या खाली काही येईनात. त्यांनी आणखी तीन प्रश्न विचारले. तेराच आले.

“म्हणजे तू माह्यापेक्षा चार वर्षांनी मोठी?”

“हो.”

“सांगितलं काऊन नाही?”

“तुमी आज इचारून राह्यले,” विमलबाई म्हणाल्या आणि भाकर थापू लागल्या.

 चंपतरावांनी पन्नास खोडून अठ्ठावन्न लिहिलं आणि बाजूला सही केली. त्या दिवसापासून विमलबाईंना ते अगंतुगं करीनासे झाले. तीस-पस्तीस वर्षांची सवय आठवडाभरात सुटली.

नव्या वयांवर कंप्युटर पुष्कळ सुधारला. रेणुकाबाईला पीएच.डी. मिळाली आणि पुढच्या संशोधनासाठी ती दोन वर्षांच्या नोकरीवर बंगलोरला गेली. तिनं पाठवलेल्या छापील इंग्रजी लेखात आभाराच्या ओळीत चंपतरावांचं नाव होतं. शाळेतल्या मास्तरांनी ते वाचून दाखवलं.

सत्त्याण्णवात दुसरा एक संशोधक जीप घेऊन आला. त्याचा फॉर्म तीन पानांचा होता.

“एका माणसामागे किती वेळ?” चंपतरावांनी विचारलं.

“पाच मिनिटं.”

चंपतरावांनी फॉर्म नीट घडी घालून त्याच्या हातात परत दिला. त्याला चहा पाजला, पुढच्या गावचा रस्ता समजावून सांगितला, आणि विमलबाईंबरोबर कापूस वेचायला गेले.