कुंदामावशीची पाण्यातली टीम

फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघाले होते. पलीकडे प्रतीक्षा होती. एरवी अखंड बडबडणारी ही मुलगी एवढंच म्हणाली, "मंजूताई, मावशी गेल्या. चहा घेता घेता." कॉलेजसाठी ती मावशीकडेच राहत होती. चहा अर्धा राहिला याचंच मला आधी वाईट वाटलं. कुंदामावशीला काहीही अर्धं सोडलेलं चालायचं नाही.

कुंदामावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. पारनेरकडच्या खेड्यात वाढली, पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकली आणि नगरच्या एका शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाली. आवाज असा, की ती स्वयंपाकघरात बोलली तर उत्तर शेजारच्या घरातून यायचं. निवृत्तीनंतर भजनी मंडळात जाऊन पाहिलं, पण "तिथं सगळ्या बसूनच असतात गं," म्हणून परत आली. मग दिव्यांग मुलांच्या एका वसतिगृहात गोष्टी सांगायला जाऊ लागली. तिथली मुलं समोरच्या मैदानावरचं क्रिकेट खिडकीतून बघत बसायची. मावशीला ते बघवेना. एका संध्याकाळी तिचा फोन आला, "मंजे, रविवारी पोहण्याच्या तलावावर ये. कपडे घेऊन. मला माणसं लागतायत."

खेळ तिनंच बेतला. छातीएवढं पाणी, दोन्ही टोकांना तरंगत्या रिंगा, दोन संघ. ज्यांचे पाय चालत नाहीत त्यांना लाइफ जॅकेट आणि प्रत्येकामागे पाण्यात उभा एक स्वयंसेवक. आम्हाला तंबी होती, "बुडायला लागला तरच धरायचं. चेंडूला हात लावलात तर तुम्हालाच बाहेर काढीन!" गोलकीपर सागरला दिसत नाही, म्हणून तिनं चेंडूवर घुंगरांची जाळी शिवली. चेंडू त्याच्या दिशेनं निघाला की सगळ्यांनी गप्प बसायचं. हा नियम सर्वांत जास्त वेळा मावशीनंच मोडला. शेवटी सागर वैतागला, "मावशी, घुंगरं ऐकू का तुम्हाला ऐकू?" त्यानंतर अशा वेळी ती टॉवेलचं टोक दातांत धरायची.

प्रतीक्षाही त्याच वसतिगृहातली, श्रीगोंद्याकडच्या ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी, जन्मापासून पायांनी अधू. पाण्याचं कळल्यावर तिचे वडील तडक तलावावर आले. "पोरीला जमिनीवर उभं ऱ्हाता येत न्हाई, आन् तुमी तिला पान्यात नेता?"

"पाण्यात उभं राहावंच लागत नाही, दादा," मावशी म्हणाली.

ते खाली बघत म्हणाले, "माझा थोरला भाऊ कॅनॉलमदी गेला. मी काठावर हुतो."

मावशीनं वाद घातला नाही. "मग तुम्ही म्हणाल तेव्हाच," एवढंच बोलली. कितीतरी रविवार प्रतीक्षा पायरीवर बसून नुसते पाय भिजवत होती. वडील तिचा दंड घट्ट धरून बसायचे आणि मावशी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून दोघांना शाळेतल्या गमती सांगायची. एकदा चेंडू तरंगत पायरीशी आला. प्रतीक्षानं तो उचलला आणि वडिलांकडे पाहिलं. ते मावशीकडे बघून "धरा. पन सोडू नका," म्हणाले आणि त्यांनी मुठीतला दंड सोडला.

पुढे, रविवारचा तास मुलांना दिला म्हणून सकाळच्या बॅचची मंडळी कुरकुरायला लागली. मावशीनं त्यांना सामन्याचंच आमंत्रण दिलं. अट एकच, जॅकेट घालायचं आणि पाय टॉवेलनं बांधून घ्यायचे. सुळसुळ पोहणारे एक बँक मॅनेजर दोन मिनिटांत गोल गोल फिरायला लागले. प्रतीक्षा त्यांना ओरडून सांगत होती, "काका, हातांनी! हातांनी वल्हवा!" आणि सांगता सांगता तिनं त्यांच्यासमोरचा चेंडू पळवला. काठावरून तिचे वडील भान विसरून ओरडले, "टाक पोरी, टाक!" चेंडू रिंगेतून पार गेला. आम्ही दणकून जिंकलो. मॅनेजरसाहेबांनी धापा टाकत टॉवेल सोडला आणि विचारलं, "मावशी, तुमच्याकडं माणसं कमी पडतात का?"

"पडतात ना. पण वेळेवर यायचं," मावशी म्हणाली. ते आजही येतात.

मावशी गेली त्यानंतरच्या रविवारी तलावावर जावं की नाही, हे मला कळत नव्हतं. पण प्रतीक्षानं रिक्षा बोलावलीच होती. त्या दिवशी एक चिमुरडी आईबरोबर पहिल्यांदाच आली होती. पाण्यात पोचली आणि शिडीला चिकटून रडायला लागली. आम्ही कुणी पुढे होण्याआधी जॅकेट घातलेली प्रतीक्षा हातांनी पाणी कापत तिच्यापाशी गेली आणि दोन्ही हात पसरून थांबली. बोलली नाही, ओढलं नाही. आम्हीही थांबलो. बऱ्याच वेळानं पोरीनं शिडी सोडली, धपकन तिच्या मिठीत पडली. नाकातोंडात पाणी गेलं, ठसका लागला, तिची आई धावत काठाशी आली.

पोरीनं डोळे पुसले, आईकडे बघितलंही नाही. म्हणाली, "आता मला बॉल द्या."