हाक आल्याशिवाय हलायचं नाही

मिस्त्रीचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. इमारतीतली माणसं कामाला निघायच्या आत लिफ्ट चालू करून द्यावी लागते. एकदा लोक बटणं दाबायला लागले की दुरुस्ती होत नाही, नुसती कटकट होते. म्हणून तो अंधारातच हत्यारांची पिशवी खांद्याला लावून निघायचा आणि दुपारी हात ग्रीसने काळे करून परत यायचा. रॉकेलने हात धुवायचा, मग साबणाने, मग नातीला शाळेतून आणायला जायचा.

नातीला घरात भिंगरी म्हणायचे. सहा वर्षांची. तिची आई, म्हणजे मिस्त्रीची लेक, औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असायची आणि संध्याकाळी येऊन पोरीला घेऊन जायची. तोवर पोरगी आजी-आजोबांकडे.

मराठी तिला सगळी कळायची. बोलायची मात्र शाळेच्या भाषेत. मुलगी वर्गात मागे पडते, घरीही शाळेचीच भाषा बोला, असं बाईंनी सांगितलं होतं. लेकीने ते मनावर घेतलं. जावयाने तर जरा जास्तच. आजीला शिवणकामाच्या दुकानात काम करून ती भाषा चांगली येत होती, तिचं अडत नव्हतं. अडत होतं ते मिस्त्रीचं. त्याला 'थांबा', 'वजन जास्त झालंय' आणि 'उद्या येतो' एवढंच यायचं. तेवढ्यावर त्याची सगळी नोकरी निघाली होती.

पण रोजचं भागत होतं. तो विचारायचा, "भिंगरे, हात धुतलेस?" ती तिच्या भाषेत काहीतरी सांगायची आणि हात पुढे करायची. हात बघून कळायचं.

मग जावयाची बदली झाली. उन्हाळा संपला की तिघं दूरच्या शहरात जाणार होते. मिस्त्रीने ऐकून घेतलं, जेवला, आणि पाणी पिताना बायकोला म्हणाला, "फोनवर हात दिसत नाहीत."

दुसऱ्या दिवसापासून तो भिंगरीला गोष्टी सांगायला लागला. लहानपणी ऐकलेल्या राजाच्या, राक्षसाच्या. पोरगी खाटेवर पालथी पडून ऐकायची, हसायच्या जागी हसायची. गोष्ट संपली की शाळेच्या भाषेत काहीतरी विचारायची आणि खेळायला पळायची. त्याने लिफ्टवरच्या जोडीदाराला हे सांगितलं. जोडीदार नट पिळता पिळता म्हणाला, "म्हणजे माल आत जातोय, बाहेर काही येत नाही."

"तेच तर."

"मग तूच का बोलतोस सगळं? पोरीला कामाला लाव की."

लिफ्टच्या कामाची एक पद्धत आहे. एक माणूस लिफ्टच्या छपरावर उभा राहतो, दुसरा वर मशीनरूममध्ये चाकापाशी. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. छपरावरचा हाक देतो, "खाली घे." वरचा तेच परत म्हणतो, "खाली घेतो." मगच चाक फिरतं. अर्धवट हाक चालत नाही. ऐकलं असेल असं धरून चालत नाही. हाक आली नाही तर वरच्याने हातावर हात ठेवून बसायचं, मग खाली कोणी कितीही तापो.

त्या दुपारी मिस्त्रीने नवी गोष्ट काढली. एक शेळी हेल्पर म्हणून कामाला लागली. अंगाने दणकट, डोक्याने यथातथा. एका इमारतीत कोंबडी पिल्लांना घेऊन लिफ्टमध्ये चढली आणि दोन मजल्यांच्या मध्येच लिफ्ट बंद पडली. शेळी वर चाकापाशी बसली. आणि छपरावर कोण? छपरावर मोठी मिस्त्री, म्हणजे भिंगरी.

त्याने तिला खाटेवर उभं केलं, स्वतः शेळी होऊन, पाठ करून स्टुलावर बसला आणि परातीच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या. ते चाक.

"दे हाक."

भिंगरीने शाळेच्या भाषेत जोरात हाक दिली.

शेळी कान टवकारून म्हणाली, "खालून काहीतरी आवाज येतोय. मला बाई काही कळलं नाही. मी आपली बसते." आणि चिंधी चघळत बसली.

भिंगरी अजून मोठ्याने ओरडली. शेळीने कूस बदलली. मिस्त्रीने परात जागेवर ठेवली आणि तो बटाटे सोलायला गेला.

कोंबडी अडकलेलीच राहिली. रोज दुपारी भिंगरी खाटेवर चढायची, रोज शेळीला कळायचं नाही. पोरगी चिडली, रडली, आजीकडे वशिला लावायला गेली. संध्याकाळी आजी म्हणाली, "अहो, काढा त्या कोंबडीला बाहेर. पोरगी धड जेवत नाहीये."

"मी कसा काढू? मी मशीनरूममध्ये आहे."

"तुम्ही घरात आहात."

"हाक आली की काढतो."

"सहा वर्षांच्या लेकराशी हट्ट करताय, वयाकडे बघा जरा."

मिस्त्रीने वयाकडे बघितलं नाही. पण त्या रात्री त्याला झोप नीट लागली नाही, हेही खरं. पोरीने खेळच सोडून दिला असता तर त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं.

आठवडा संपत आला तेव्हा खाटेवरून बारीक आवाज आला. "खाली."

शेळी म्हणाली, "खाली काय? खाली बसू? खाली बघू?"

खाट करकरली. मग, "खाली घे."

"खाली घेते." परात सावकाश फिरायला लागली. मिस्त्री बघत नव्हता, पाठ करून होता. लिफ्ट मजल्याला लागली, तरी परात फिरतच होती. शेळीला कोण सांगणार?

"थांब! थांब, पुढे जातेय ती!"

"थांबते," शेळी म्हणाली आणि थांबली. कोंबडी पिल्लांना घेऊन बाहेर पडली. जाताना तिने मोठ्या मिस्त्रीचे आभार मानले, शेळीकडे बघितलंसुद्धा नाही.

त्यानंतर लिफ्टमध्ये कोण कोण अडकलं त्याची गणतीच नाही. गाढव अडकलं, नवरदेव अडकला, शाळेच्या बाई अडकल्या. बाईंना भिंगरीने बराच वेळ आतच ठेवलं. हाका लांबत गेल्या. पुढे पुढे ती स्वतःच भानगडी रचायची आणि शेळीला झापायची. एकदा लेक लवकर आली आणि दारातच थबकली. आतून आवाज येत होता, "अगं बाई, सांगितलं होतं ना तुला? कान कुठे ठेवलेस? एक काम धड होत नाही हिच्याच्याने."

"बाबा, हे कुठून शिकली?"

"तुझ्या आईकडून," मिस्त्री म्हणाला. "मी फक्त शेळी आहे."

उन्हाळा संपला, तिघं गेले. पहिल्या रविवारी फोन आला. लेक बोलली, जावई बोलला, मग फोन भिंगरीकडे गेला आणि नुसता श्वास ऐकू यायला लागला. बायको कोपराने ढोसत होती, "अहो, बोला काहीतरी." मिस्त्री बोलला नाही. बाहेरून एक गाडी गेली, तिचा आवाज संपेपर्यंत तो फोन कानाला लावून उभा राहिला.

"आजोबा, इथे लिफ्टच नाहीये. नुसता जिना आहे. तुम्ही इथे आलात तर काय काम करणार?"

"बसून राहीन."

"बसून कसं चालेल? पगार कोण देणार?"

दोघं बराच वेळ बोलले. फोन ठेवल्यावर मिस्त्रीने पिशवीतली हत्यारं काढून पुसली. रविवार होता, काही गरज नव्हती.

असे रविवार सुरू राहिले. पोरगी बोलत होती, भांडत होती, शाळेतल्या चहाड्या सांगत होती. पुढच्या वर्षी लेकीने फोनवर एक गोष्ट सांगितली. तिकडे एक मराठी कुटुंब भेटलं होतं. त्या घरातली काकू म्हणाली, मुलगी किती छान बोलते, पण 'स' म्हणताना शिट्टी का वाजवते? लेकीला वाटलं, दुधाचे दात पडलेत म्हणून. दात आले, शिट्टी राहिली. आणि शाळेच्या भाषेत बोलताना शिट्टी नाही. मराठी बोलली की शिट्टी.

"बाबा," लेक म्हणाली आणि तिला हसू आवरेना. "हे तुमचंच आहे."

मिस्त्री आरशासमोर जाऊन उभा राहिला. वरचे पुढचे दोन दात तरुणपणीच गेले होते. ब्रेकची स्प्रिंग सुटून तोंडावर बसली होती. बाजूच्या दातांनी भाकरी चावता येत होती, म्हणून त्याने कधी मनावर घेतलं नव्हतं. आरशात बघून तो म्हणाला, "सकाळ. साबण. सरळ." शिट्टी वाजली. तिन्ही वेळा.

"इतकी वर्षं घसा फोडून सांगतेय, दात बसवा म्हणून," आतून बायको म्हणाली.

"तेव्हा फक्त जेवायचं होतं."

त्याच महिन्यात तो निवृत्त झाला. आधी ठरलं होतं की शेवटच्या पगारातून नवा फ्रिज घ्यायचा. तो पगार घेऊन मिस्त्री दातांच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टर म्हणाला, काढघालीचे स्वस्तात पडतील. मिस्त्री म्हणाला, रोज काढायचं ते काम नव्हे, पक्के बसवा.

त्या पगाराचे दोन दात आले. थोडे पैसे दुसऱ्यांदा डॉक्टरकडे जाण्यात गेले, कारण डावा दात मिस्त्रीला किंचित तिरका वाटला आणि तो त्याने काढून परत बसवून घेतला.